एक्समसमधला ‘एक्स’ नेमका कुठून आला?

डिसेंबर आला की इंग्रजी शुभेच्छांमध्ये ‘ख्रिसमस’ऐवजी ‘एक्स’ हे अक्षर आणि पुढे ‘मस’ असं लिहिलेलं दिसतं. त्याखाली दरवर्षी एक तक्रारही ठरलेली असते: सणाच्या नावातून ख्रिस्तालाच काढून टाकलं! प्रत्यक्षात तो ‘एक्स’ म्हणजेच ख्रिस्त आहे.

ग्रीक अक्षराची करामत

ग्रीक भाषेत ‘ख्रिस्तोस’ या शब्दाचं पहिलं अक्षर ‘खी’ आहे आणि ते दिसायला हुबेहूब इंग्रजी एक्ससारखं आहे. बायबलची सुरुवातीच्या शतकांतली ग्रीक हस्तलिखितं पाहिली, तर देव, येशू, ख्रिस्त हे शब्द त्यांत पूर्ण लिहिलेले नसतात. मोजकी अक्षरं आणि वर एक आडवी रेघ, एवढंच असतं. हा घाईचा प्रकार नव्हता. पवित्र नाव बाकीच्या मजकुरापासून वेगळं दिसावं, अशी ती खूण होती, असं अनेक अभ्यासक मानतात. इंग्रजी लिहिणाऱ्यांनी हाच ‘खी’ पुढे वापरला. १६व्या शतकातल्या इंग्रजी लिखाणातही ख्रिसमसची अशी रूपं सापडतात. म्हणजे हा संक्षेप मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे.

असाच एक संक्षेप गोव्यात पाहायला मिळतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकाच्या दर्शनी भागावर, अगदी वर, ‘आय-एच-एस’ अशी अक्षरं कोरलेली आहेत. येशूच्या ग्रीक नावातली ही पहिली तीन अक्षरं. त्यातलं ‘एच’ मुळात ग्रीक ‘ईटा’ आहे.

नाव अर्धवट का लिहितात?

ज्यू धर्मीय अनेकदा ‘गॉड’ या इंग्रजी शब्दातलं मधलं अक्षर गाळून तिथे छोटी रेघ देतात. देवाचं लिहिलेलं नाव पुसू किंवा नष्ट करू नये, असा त्यांच्यात दंडक आहे. असं नाव असलेले जुने कागद कचऱ्यात न टाकता पुरले जातात. नावच पूर्ण लिहिलं नाही, तर त्याचा अवमान होण्याची भीती राहत नाही. हा नियम मुळात हिब्रू नावांसाठीच आहे, असं बरेच रब्बी सांगतात, तरी इंग्रजीतही ही सवय अनेकांनी जपली आहे.

संक्षेप नको म्हणणारेही आहेत

मराठी इस्लामी पुस्तकांत प्रेषित मुहम्मद यांच्या नावापुढे कंसात ‘स.’ असतो. ‘त्यांच्यावर अल्लाहची कृपा आणि शांती असो’ या अर्थाच्या अरबी प्रार्थनेचं ते छोटं रूप. पण ही प्रार्थना पूर्णच लिहावी, असा आग्रह जुना आहे. १३व्या शतकातले हदीस-विद्वान इब्न अस-सलाह यांनीही तो धरला होता. ‘७८६’बद्दलही असेच मतभेद आहेत. ‘बिस्मिल्लाह’च्या पूर्ण वाक्यातल्या अरबी अक्षरांना ठरावीक अंकमूल्यं देऊन केलेली ही बेरीज भारतीय उपखंडात लोकप्रिय आहे. अनेक उलेमा मात्र तिला बिस्मिल्लाहचा पर्याय मानत नाहीत.

आपल्याकडचे संक्षेप

कीर्तनकारांच्या नावाआधीचं ‘ह.भ.प.’ म्हणजे हरिभक्तपरायण. निधनाच्या पोस्टमध्ये सर्रास दिसणारं ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, शिवाच्या कैलासावर गेलेले. म्हणूनच वारकरी मंडळी विष्णूच्या वैकुंठाची आठवण ठेवून ‘वै.’, म्हणजे वैकुंठवासी, लिहितात. ख्रिस्ती, मुस्लिम किंवा बौद्ध व्यक्तीच्या नावाआधी ‘कै.’ लावणं त्यामुळेच खटकतं. तिथे ‘दिवंगत’ हा शब्द सोयीचा. ‘आर-आय-पी’ हीसुद्धा मूळची लॅटिन प्रार्थना आहे. ‘शांतीत विसावो’ या अर्थाच्या लॅटिन आणि इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं योगायोगाने जुळतात, इतकंच.

मग लिहायचं कसं?

गप्पांमध्ये ‘एक्समस’ चालून जातो. निमंत्रणात किंवा औपचारिक पत्रात पूर्ण शब्द बरा. दुसऱ्याच्या धर्माबद्दल लिहिताना त्या धर्माचे लोक तो शब्द कसा लिहितात, ते आधी पाहावं. आणि कुणी अर्धाच शब्द लिहिला म्हणून चिडून कमेंट करण्याआधी, तो श्रद्धेपोटी तर तसा लिहिलेला नाही ना, हे एकदा विचारून घ्यावं.