ऐकणाऱ्यांनी दिलेली उत्तरं

गाण्याच्या इतिहासात गायक असतात, संगीतकार असतात, कंपन्या असतात. ऐकणारा मात्र त्यात शेवटी येतो आणि तोही आकड्यात: इतक्या रेकॉर्डी खपल्या, इतके आठवडे चित्रपट चालला. आज मी त्या ऐकणाऱ्याबद्दल बोलणार आहे. आणि लांब कुठे जायचं नाही, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, मध्ये थोडं कुर्ला आणि गोरेगाव, एवढ्यातच फिरायचं आहे.

सुरुवात एका वहीपासून करतो. माझी आत्या मुलुंडला चाळीत राहायची. घरात रेडिओ नव्हता. त्या काळी रेडिओला परवाना लागायचा, त्याची फी दरवर्षी पोस्टात भरावी लागायची. शेजारच्यांकडे रेडिओ होता आणि मधली भिंत पातळ होती, त्यामुळे भागायचं. आत्यानं शंभर पानी वहीत रकाने आखले होते: गाणं, चित्रपट, गायक, संगीतकार, गीतकार. निवेदक नावं सांगत असताना नेमका स्टोव्ह भरभरत असला की एखादं नाव हुकायचं. मग ती तेवढी जागा कोरी सोडायची. वहीत अशा कितीतरी जागा नंतर वेगळ्या शाईनं भरलेल्या दिसतात. म्हणजे गाणं पुन्हा लागेपर्यंत ती थांबली होती. आठवडा, महिना, कधी त्याहून जास्त.

आता ही टंचाई आली कुठून? १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचे, मराठी, संगीत शिकलेले गृहस्थ. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम आकाशवाणीवर त्याच वर्षी सुरू झाला, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण हिंदी चित्रपटगीतं त्यांना हलकी वाटत. आधी ती कमी झाली, मग निर्मात्यांशी वाद होऊन जवळजवळ बंदच पडली. लोकांनी काय केलं? मोर्चे काढले नाहीत. रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावलं.

३ डिसेंबर १९५२ला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून आवाज पुन्हा आपल्याकडे यायचा. पण मला महत्त्वाची वाटते ती त्याची पहिली रचना. सुरुवातीला ती क्रमवारी नव्हतीच, कोडं होतं. सात गाणी वाजवायची आणि ती कोणत्या सालच्या क्रमानं आली ते श्रोत्यांनी लिहून कळवायचं. बक्षीस शंभर रुपये. अमीन सयानी पुढे मुलाखतींमधून सांगत, की पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि वर्षभरात आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. एवढी उत्तरं तपासायची कोणी? म्हणून कोडं सोडून लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी आली. म्हणजे बघा, जिला आपण हिट परेड म्हणतो ती लोक फार लिहायला लागले म्हणून जन्माला आली! आत्याची वही याच कामाला लागलेली असायची, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी सरकारलाही नमतं घ्यावं लागलं. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली. पुढे तिचा मुक्काम बोरिवली पश्चिमेला, गोराई रस्त्यावर आला. गोराईची बस पकडणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की देशभरातून फर्माइशीची पोस्टकार्डं इथे येऊन पडायची? झुमरी तलैया हे गाव आपल्याला माहीत झालं ते त्या कार्डांमुळे. आणि 'पत्रावली'मध्ये तर श्रोत्यांची पत्रंच वाचली जात. त्यात कौतुक असायचं, तक्रार असायची आणि चूक काढलेलीही असायची, की अमुक गाण्याचे गीतकार तुम्ही सांगितलेत ते नव्हेत. अशाच चिकाटीतून कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज़' यांचा 'हिंदी फिल्म गीतकोश' उभा राहिला. आज कुठल्याही अभ्यासकाला तो उघडावाच लागतो. विद्यापीठांनी करायचं काम होतं. एका श्रोत्यानं केलं.

पण पत्र लिहिणं हे एकच उत्तर नव्हतं. दुसरं एक उत्तर आपल्याकडे त्याहून जुनं आहे: चाल तीच ठेवायची आणि शब्द आपले घालायचे. काही समीक्षक याला उसनवारी म्हणतात. मला ते पटत नाही. आंबेडकरी जलशांपासून शाहिरांनी लोकांच्या ओठांवरची चाल उचलली, कारण ती शिकवावी लागत नव्हती. वाद्य नको, तालीम नको, दुसऱ्या कडव्याला सगळी वस्ती गायला लागायची. ज्याच्याकडे छापखाना नाही त्याच्यासाठी चाल हाच छापखाना.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि या उत्तराला बाजार मिळाला. गुलशन कुमारांच्या टी-सिरीजनं स्वस्त कॅसेटी काढून एचएमव्हीची सद्दी मोडली. लहान कंपन्या निघाल्या. भीमगीतांच्या कॅसेटी १४ एप्रिलला वस्तीवस्तीत वाजू लागल्या, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर ढिगानं विकल्या जाऊ लागल्या. शिवाय प्रत्येक नाक्यावर कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देणारं दुकान. आपण यादी द्यायची, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं आणि परवा या म्हणून परत यायचं.

या काळाबद्दल बोलताना १९९७चा पावसाळा टाळता येत नाही. ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, निदर्शनं झाली आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत आयुष्य संपवलं. महिनाही लोटला नाही तोच, १२ ऑगस्टला, अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमारांचा खून झाला. या दोन मृत्यूंचा एकमेकांशी संबंध नाही आणि मी तो जोडतही नाही. एवढंच सांगतो, की एकाच्या बातमीनं कित्येक दिवस पहिली पानं व्यापली, आणि दुसऱ्याचा आवाज माझ्यापर्यंत पोहोचला तो आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'मधून, २०११नंतर. मी मुलुंडचाच. वीस मिनिटं चाललो असतो तर प्रत्यक्ष ऐकता आला असता. माझ्या वहीत त्यांच्या नावाला रकाना नव्हता.

आता थोडं अलीकडे येऊ. दोन हजारनंतर अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरमधल्या विवियन फर्नांडिस या शाळकरी मुलाला वर्गमित्राच्या टी-शर्टवर फिफ्टी सेंट या अमेरिकन रॅपरचं नाव दिसलं. हा कोण, असं विचारल्यावर मित्रानं एमपी३ची सीडी आणून दिली. तीच जुनी गोष्ट: गाणं अर्धवट, दुसऱ्याच्या हातून आलेलं. त्यानं आधी इंग्रजीतच रॅप केलं. मग हिंदीत, आपल्या गल्लीच्या बोलीत सुरू केलं आणि आपण त्याला डिव्हाइन म्हणून ओळखायला लागलो. कुर्ल्याच्या नावेद शेखनं, म्हणजे नेझीनं, शॉन पॉलचं गाणं पाठ करून सुरुवात केली. २०१४ साली वडिलांनी दिलेल्या आयपॅडवरच त्यानं आपलं 'आफत' ध्वनिमुद्रित केलं आणि चित्रितही केलं. दोघांचं 'मेरे गली में' २०१५चं. 'गली बॉय' हा चित्रपट २०१९चा, तो नंतर आला. लोक क्रम उलटा सांगतात म्हणून मुद्दाम सांगतो.

त्याच २०१९ साली स्वदेसी या मुंबईच्या गटानं आरेच्या केलटीपाड्यातले वारली कलाकार प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' काढलं. गोरेगावच्या जंगलातल्या माणसाचं गाणं आणि ब्रॉन्क्सहून आलेला ठेका. ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रात्रीतून तोडली गेली. गाण्यानं झाडं वाचली नाहीत. पण तिथे माणसं राहतात, हे अंधेरीतल्या कॉलेजच्या मुलांना वर्तमानपत्रानं कळलं त्याहून जास्त या गाण्यानं कळलं, असं मला माझ्याच विद्यार्थ्यांकडे पाहून वाटतं.

कोणी म्हणेल, तेव्हाचे श्रोते कष्टाळू होते, आताच्यांना सगळं आयतं मिळतं. मी असं म्हणणार नाही. आत्याला जर मोबाइल मिळाला असता तर तिनं वही केली नसती, हे तिनंच मला सांगितलंय! टंचाईचे गोडवे गायचं कारण नाही.

मात्र एक विनंती. आपल्याकडे संग्रहालयांत रेकॉर्डी आहेत, फोनो आहेत. श्रोत्यांच्या वह्या, कॅसेटमधले हातानं लिहिलेले कागद, परत आलेली पोस्टकार्डं फारशी कुठे ठेवलेली दिसत नाहीत. घर रिकामं करताना ती रद्दीत जातात. तुमच्याकडे असतील तर पुढच्या शनिवारी येताना आणा. आपण त्यांचे फोटो काढू, वही तुमची तुम्हाला परत. आणि हो, जलशांवर मी आज घाई केली, ते मला माहीत आहे. त्यावर प्रश्न असतील तर आत्ता घेऊ.