वळिवडे पोलिश छावणी

वळिवडे पोलिश छावणी : सोव्हिएत साम्यवादी राजवटीने घरादारांतून उठवलेल्या पोलिश कुटुंबांची कोल्हापूर संस्थानातील वसाहत (1943–48). कोल्हापूर–मिरज लोहमार्गालगत, शहराच्या पूर्वेस, वळिवडे गावाजवळ. भारतातील पोलिश वसाहतींत ही सर्वांत मोठी. भरात असताना वस्ती सुमारे 5,000. बहुतेक सारे रोमन कॅथलिक, त्यांत बायका, मुले आणि म्हातारी माणसे अधिक, कारण धडधाकट पुरुष सैन्यात गेले होते. कोल्हापुरात या छावणीची आठवण सांगितली जाते ती पाहुणचाराची. हे पाहुणे कोणाच्या तडाख्यातून सुटून आले, हा भाग त्या आठवणीत बहुधा गळतो.

17 सप्टेंबर 1939 रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडात शिरल्या. तोवर रशियातील कॅथलिक चर्चची अवस्था काय झाली होती, हे तिथल्या लोकांना ऐकून माहीत होते. मॉस्कोत 1923 मध्ये कॅथलिक धर्मगुरूंवर खटला चालवून कोन्स्तान्ती बुदकेविच यांना गोळी घालण्यात आली. 1929 च्या कायद्याने चर्चला प्रार्थनेपलीकडचे सगळे काम बंद झाले : मुलांना धर्मशिक्षण नाही, गरिबांना मदत नाही, वाचनालयसुद्धा नाही. 1931 मध्ये मॉस्कोतील ख्रिस्त तारणहाराचे भव्य ऑर्थोडॉक्स कॅथीड्रल सुरुंगाने उडवले गेले. 1930 चे दशक संपता संपता एवढ्या अवाढव्य देशात चालू असलेली कॅथलिक चर्चे बोटांवर मोजण्याइतकी उरली. हीच पद्धत पूर्व पोलंडात आली. शाळांतून धर्माचा तास आणि भिंतीवरचा क्रूस गेला, धर्मगुरूंवर न झेपणारे कर बसले, अनेकांना अटक झाली. युद्धकैदी पोलिश अधिकाऱ्यांबरोबर असलेल्या लष्करी धर्मगुरूंना 1939 च्या नाताळाच्या तोंडावर छावण्यांतून वेगळे काढून नेले गेले. त्यांतले फारच थोडे वाचले.

फेब्रुवारी 1940 ते जून 1941 या काळात हद्दपारीच्या चार लाटा आल्या. पहिली 10 फेब्रुवारीची, ऐन कडाक्याच्या थंडीतली. रात्री दारावर थाप पडायची, थोडक्या वेळात सामान आवरायचे आणि मालगाडीच्या डब्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास करून आर्खांगेल्स्क, सायबेरिया किंवा कझाकस्तान गाठायचे. सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या स्वतःच्या नोंदींत हा आकडा तीन लाखांच्या पुढे जातो. याद्या धर्म पाहून केलेल्या नव्हत्या : जमीन मिळालेले माजी सैनिक, वनरक्षक, पोलीस, अधिकाऱ्यांची कुटुंबे अशा वर्गवारीने त्या केल्या होत्या, आणि हद्दपार झालेल्यांत ज्यू, युक्रेनियन व बेलारूसी लोकही होते. म्हणून या हद्दपारीला निव्वळ ख्रिस्ती-छळ म्हणणे चूक ठरेल. पण वर्गशत्रू, राष्ट्रशत्रू आणि देवभोळा हे तिन्ही शिक्के त्या राजवटीत एकाच माणसावर सहज बसत. लाकूडतोडीच्या वसाहतींत प्रार्थना चोरून होत, कारण कमिसार देवाची टवाळी करी आणि धर्मगुरू तर बहुधा नसेच.

सुटका झाली ती हिटलरमुळे, असे म्हणावे लागते. जर्मनीने रशियावर चाल केल्यावर 30 जुलै 1941 रोजी पोलिश-सोव्हिएत सिकोर्स्की–मायस्की करार झाला आणि पोलिश कैद्यांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा काय होता, हे मात्र कोणी सांगितले नाही. जनरल आंदेर्स यांच्या पोलिश फौजेबरोबर 1942 मध्ये सुमारे 1,15,000 लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पाहलवी बंदरात उतरले. टायफसने आणि उपासमारीने खंगलेले कित्येक जण तिथेच दगावले. मुलांचा एक गट मुंबईत वांद्र्याच्या बालगृहात आला, पुढे जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहांनी बालाचडीला मुलांची छावणी उभी करू दिली. कुटुंबांसाठी 1943 मध्ये वळिवडे उघडले. खर्चाचा भार लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारने उचलला.

बैठ्या बराकींच्या रांगा, दवाखाना, शाळा, नाट्यगृह, स्काउट पथके असा पसारा तिथे मांडला गेला. चर्च अर्थातच होते, आणि रविवारची प्रार्थना, प्रथम कम्युनियन, नाताळ, सणांच्या मिरवणुका हे सारे उघडपणे चालले. सायबेरियात जे लपवावे लागले ते पंचगंगेच्या खोऱ्यात दिवसाढवळ्या करता आले, हे त्या पिढीच्या आठवणींत वारंवार येते. काही पोलिश मुलींनी मराठी तरुणांशी लग्ने केली. ब्रिटिश सरकार मात्र या लोकांच्या कहाणीबद्दल गप्प राहिले; स्टालिन दोस्त राष्ट्रांच्या बाजूला होता.

युद्ध संपले तरी यांना परतायला गाव उरला नव्हता. याल्टा परिषदेच्या निर्णयाने पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेला, वॉर्सात साम्यवादी सरकार बसले आणि जुलै 1945 मध्ये ब्रिटनने त्याला मान्यताही दिली. त्याच प्रदेशातील युक्रेनियन ग्रीक-कॅथलिक चर्च मार्च 1946 मध्ये ल्विव्हच्या सभेत हुकमाने बरखास्त करण्यात आले. वळिवड्यातील बहुतेकांनी मायदेशाऐवजी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असा रस्ता धरला. त्यांची भीती खोटी नव्हती : पोलंडचे कार्डिनल स्तेफान विशिन्स्की 1953 ते 1956 स्थानबद्ध होते, आणि 1984 मध्ये फादर येझी पोपिएउश्को यांचा राज्याच्या सुरक्षा पोलिसांनी खून केला.

छावणी 1948 मध्ये रिकामी झाली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना तिथेच वसवण्यात आले. घाऊक कापडबाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे आणि वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे; ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे पुष्पचक्र वाहिले.

साम्यवादी सत्तेच्या छळातून आलेली महाराष्ट्रातील दुसरी वसाहत विदर्भात आहे. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ तिबेटी बौद्धांची नॉर्ग्येलिंग वसाहत 1972 मध्ये स्थापन झाली. वळिवड्याचे पोलिश पाच वर्षांत निघून गेले. गोठणगावचे तिबेटी पन्नास वर्षांनंतरही तिथेच आहेत.