गोऱ्ह्यांचे फुले : एका शेतकरी घराण्याचा वृत्तांत

समाजाच्या स्मरणिकेत घराण्यांचे इतिहास छापावेत अशी सूचना दरवर्षी येते, आणि येणारे लेख बहुधा सनदा, पाटीलकी व मानपान यांविषयीचे असतात. ज्याच्या घरी सनद नाही अशा साध्या शेतकऱ्याला इतिहासच नाही, असा समज यामागे असावा. आम्हांस तो मान्य नाही. म्हणून यंदा आम्ही सर्वांना नावाने ठाऊक असलेल्या, परंतु शेतकरी घराणे या दृष्टीने फारसे कोणी न पाहिलेल्या एका घराचा वृत्तांत सादर करीत आहो. महात्मा जोतीराव फुले यांचे कार्य सर्वश्रुत आहे व ते येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांच्या घराची जमीन कशी गेली, कशी आली, आणि अखेर ती कोणाची म्हणून राहिली, एवढेच पाहावयाचे आहे.

या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात असलेले कटगुण. आडनाव गोऱ्हे. जोतीरावांचे पणजोबा तेथे चौगुला होते. चौगुला म्हणजे पाटलाचा मदतनीस. गावच्या दप्तराची राखण हेही त्याच्याकडे असे. त्यामुळे कुलकर्ण्याशी त्याचा रोजचा संबंध, आणि संबंध आला की तंटाही आलाच. असा तंटा विकोपास गेला व या गृहस्थांना कटगुण सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. ते पुरंदर तालुक्यातील खानवडीस येऊन राहिले. त्या काळी गाव सोडणे म्हणजे काय, हे आजच्या पिढीच्या ध्यानी येणार नाही. आपल्या गावी वंशपरंपरा जमीन धारण करणारा तो मिरासदार. तोच परगावी गेला की उपरी ठरे. जमीन कसावी, सारा भरावा, पण ती आपली म्हणू नये. पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क एका भांडणात गेला, तो असा.

खानवडीस या गृहस्थांचे चिरंजीव शेटिबा यांनी संसार केला. स्वभाव भोळा व हात सैल; कर्ज झाले, आणि घर पुण्यास आले. राणोजी, कृष्णा व गोविंद हे त्यांचे तीन पुत्र. शेत सुटलेल्या या पोरांना पुण्यात एका फुलमाळ्याने हाताशी धरले व हार-गजऱ्यांची कला शिकविली. पेशवाईचा तो उत्तरकाळ. वाड्यात फुलांच्या गाद्या, फुलांचे अलंकार यांची हौस मोठी होती. या भावांचे कसब पेशव्यांच्या नजरेस पडले व त्यांना सुमारे ३५ एकर जमीन इनाम मिळाली. लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि गोऱ्हे हे आडनाव मागे पडले. जी जमीन नांगराने राखता आली नव्हती ती सुईदोऱ्याने मिळविली, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे.

परंतु ती सर्वांस लाभली नाही. थोरले बंधू राणोजी यांनी सारे इनाम आपल्याकडे घेतले आणि धाकट्या दोघांना बाहेरची वाट दाखविली. जोतीरावांच्या चरित्रांत ही हकिगत दोन-तीन वाक्यांत उरकलेली आढळते. आमच्या मते घराण्याच्या इतिहासात ती सर्वांत महत्त्वाची आहे. एकत्र कुटुंबात कारभार थोरल्याच्या हाती आणि कागद त्याच्याच नावाचा, ही आपल्याकडील जुनी रीत. तोवर सर्वांचे ताट एक असते, म्हणून कोणी कागद मागत नाही. आणि ताट वेगळे झाले की मागून उपयोग नसतो. शिक्षकी पेशात असताना किती तरी हुशार मुलांची नावे हजेरीपटावरून कमी होताना आम्ही पाहिली. चौकशी केली असता घरात वाटणी झाल्याचे, आणि मुलाच्या बापाच्या वाट्यास खडकाचा तुकडा आल्याचे कळे. असो.

धाकटे गोविंदराव खचले नाहीत. फुले व भाजीपाला यांवर त्यांनी पुन्हा घर उभे केले. झगडे घराण्यातील चिमणाबाई या त्यांच्या पत्नी. राजाराम व १८२७ साली जन्मलेले जोतीराव हे दोन पुत्र. जोतीराव तान्हे असतानाच चिमणाबाई निवर्तल्या व सगुणाबाईंनी त्यांचा सांभाळ केला. मुलगा शिकला तर शेतीच्या कामाचा राहणार नाही, असे भरविण्यात आल्यावरून गोविंदरावांनी त्यास शाळेतून काढले व मळ्यात घातले. गफ्फार बेग मुन्शी व लेजिट साहेब या शेजाऱ्यांनी त्यांची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली तो स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला. मधली वर्षे खुरप्यावर गेली. ती वाया गेली असे आम्हांस वाटत नाही. १८८३ साली पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात ओढ्यानाल्यांवर ताली-बंधारे घालावेत, पाणाड्यांकडून भूमीतील झरे शोधवावेत, अशा ज्या सूचना आहेत त्या मोटेचे पाणी पाजलेल्या माणसाच्या आहेत.

त्या ग्रंथापूर्वी आठ वर्षे, १८७५ साली, सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला व तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. जो कागद आपणास वाचता येत नाही त्यावर अंगठा उठविल्याने जमीन जाते, हे सर्व कुणब्यांना कळून चुकले होते. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांचे दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर करण्याची तजवीज झाली, ती या उठावानंतर.

आता पुन्हा घराकडे वळू. जोतीराव व सावित्रीबाई यांना अपत्य नव्हते. १८७४ साली त्यांनी एका ब्राह्मण विधवेचा पुत्र यशवंत यास दत्तक घेतले. भाऊबंदांना हे रुचणारे नव्हते. तेव्हा जोतीरावांनी, ज्यांच्या वडिलांना भावानेच कोरडे ठेवले होते त्या जोतीरावांनी, १८८७ साली रीतसर मृत्युपत्र करून नोंदविले. वारस यशवंत, तो नालायक निघाल्यास माळी, कुणबी, धनगर आदी समाजांतील हुशार व लायक मुलास मिळकत द्यावी, असा त्याचा आशय. पुतण्यांचा त्यात हक्क ठेवला नाही. खानवडीच्या कर्जापासून राणोजींच्या कारभारापर्यंत घराने जे सोसले, त्याचा हिशेब या कागदात उतरला आहे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कोणी धरावे यावरून भाऊबंदांनी वाद घातला, कारण टिटवे धरणारा तो वारस. सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे स्वतः हाती घेतले आणि पतीस अग्नी दिला.

यशवंतराव डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगात त्यांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना त्याच रोगाने गाठले व १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. १९०५ साली यशवंतरावही गेले. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई. निर्वाहासाठी त्यांना गंज पेठेतील राहते घर विकावे लागले, आणि पुढील आयुष्य त्यांनी अत्यंत हलाखीत काढले. तेच घर आज शासनाने स्मारक म्हणून जतन केले आहे. त्याच्या आवारातील समाधीपाशी वर्षातून दोनदा आपण सर्व हार घेऊन जातो.