तबकडीचे वैगुण्य आणि त्याची पारख

ज्याला सरकारदप्तरी १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत आणि पुढे यवतमाळ म्हणू लागले, त्या वऱ्हाडी मुलखातील मारेगावचा परिसर कापसाचा आणि पळसाच्या रानांचा. शेजारी राजूरकडे चुनखडी निघते. ग्रामोफोनच्या जुन्या काळ्या तबकडीची घडण पाहिली तर तिच्यातही हीच मंडळी भेटतात: पळसासारख्या झाडांवर पोसलेल्या किड्याची लाख, दगडाची बारीक पूड, काजळी आणि चिवटपणासाठी थोडे कापसाचे तंतू. इथली लाख कलकत्त्याच्या कारखान्यात गेली, असा दावा करण्याचा हेतू नाही. परंतु ज्या पदार्थाची जात शेतकऱ्याला ठाऊक असते, त्याचे दोषही त्याला सहज उमगतात, आणि लाखेच्या तबकडीचे दोष असेच उघडेवाघडे होते.

१९०२ च्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग याने कलकत्त्यात भारतीय गायकांची पहिली मुद्रणे केली, ती दाबून घेण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरला पाठवावी लागली. कलकत्त्यातला सियालदहचा तबकड्यांचा कारखाना १९०८ मध्ये निघाला. तबकडी कुठेही दाबली, तरी दोष तेच असत: पूड भरड राहिली की सुईखाली सतत खरखर उठे; रस साच्यात नीट भरला नाही की फोड येऊन ठरावीक फेऱ्याला टकटक होई; आणि मधले भोक केसभर सरकले तर गायकाने लांब धरलेला षड्ज हेलकावे खाऊ लागे, ज्याचे पाप ऐकणारा कधीकधी बिचाऱ्या गायकाच्याच माथी मारी. ही पारख सर्वस्वी कानाची होती, आणि कानसेन माणूस दुकानात तबकडी वाजवून पाहिल्याखेरीज पैसे मोजत नसे.

योगायोग असा, की पहिल्या व्यापारी सीडीही त्याच हॅनोव्हरलगतच्या लांगेनहागेन येथे, १९८२ च्या ऑगस्टात, दाबल्या गेल्या. मूळ ठशावरून ‘बाप’, त्यावरून ‘आई’ आणि तिच्यावरून छापणारा साचा, ही धातूच्या ठशांची वंशावळ लाखेच्या युगातून जशीच्या तशी उतरली. बदलले ते द्रव्य आणि प्रमाण. १२० मिलिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर सुमारे ०.१ मायक्रॉन खोलीचे खळगे, १.६ मायक्रॉन अंतराच्या वळशांत, आतून बाहेरच्या दिशेने मांडलेले. त्यांवर ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर, त्यावर लाखटाचे (लॅकरचे) आवरण आणि वर छापील नाव. आता दोषही पालटले. प्लास्टिकमध्ये बुडबुडा किंवा काळा कण अडकतो. ओतताना ताण राहिला की खळगे वाचणारा प्रकाशाचा किरण दुभंगतो. ॲल्युमिनियम विरळ बसले तर सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात, आणि चकती दिव्यासमोर धरली असता ती छिद्रे चांदण्यांसारखी चमकतात.

आणि तरीही यांतला एकही दोष ऐकू येत नाही! रीड आणि सोलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या सांकेतिक पद्धतीच्या आधारे संगीताचे अंक अशा रीतीने विखरून लिहिलेले असतात, की वळशाचा सुमारे अडीच मिलिमीटर तुकडा पार निकामी झाला तरी यंत्र तो बिनचूक भरून काढते. त्याहून अधिक गेल्यास शेजारच्या अंकांवरून अदमास बांधते, आणि तोही बेत फसल्यास क्षणभर गप्प बसते. भोक सरकलेले असले तरी स्वर डोलत नाही, कारण अंक आधी स्मृतीत साठून स्फटिकाच्या घड्याळाच्या तालावर बाहेर पडतात. कारखान्यातील तपासनीस त्यामुळे ऐकत नाही, मोजतो: सेकंदाला अंकांचे जे ७,३५० गट वाचले जातात, त्यांपैकी सदोष गटांची दहा सेकंदांची सरासरी २२० च्या वर जाता कामा नये, असा दंडक आहे. ज्या चकतीत सेकंदाला दीडशे दोष आहेत आणि जिच्यात पाच, त्या दोन्ही श्रोत्याला सारख्याच निर्मळ वाटतात. म्हणून लाखेची तबकडी मला अधिक प्रामाणिक वाटते.

या झाकलेल्या व्याधीचे नामांकित उदाहरण इंग्लंडातील ब्लॅकबर्नचे. १९८८ ते १९९३ या काळात तेथील पीडीओ नावाच्या सीडी-कारखान्यात निघालेल्या कित्येक चकत्या विकताना निर्दोष होत्या. पण त्यांचे लाखट वेष्टनाच्या कागदातील गंधकाला अडवू शकले नाही, धातूचा थर कडेकडून तांबूस होत गेला, आणि काही वर्षांनी संगीतात खरखर शिरली. कारखान्याला त्या बदलून द्याव्या लागल्या.

मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी सीडीचा खरा अंमल बसला तो गाण्यांपेक्षा चित्रपटांच्या आणि लग्नाच्या व्हीसीडींमुळे. गिऱ्हाईक खालची चकचकीत बाजू न्याहाळी आणि तिच्यावरच्या चऱ्यांवरून निकाल देई. वस्तुतः त्या बाजूला जवळजवळ सव्वा मिलिमीटर प्लास्टिकचे कवच असते, आणि नाजूक असते ती वरची, नावाची बाजू, जिच्यावर बॉलपेन दाबून नवरानवरीची नावे लिहिली जात. व्हीसीडीत चित्राच्या माहितीला संगणकी चकतीसारखे दुरुस्तीचे जादा कवच दिलेले नसते, म्हणून दोष पडद्यावर चौकोनी ठिगळांच्या रूपाने लगेच प्रकट होतो. लग्नाच्या चकत्या तर साच्यातून निघालेल्या नव्हत्याच. त्या रंगद्रव्याच्या थरावर लेसरने लिहिलेल्या, आणि खिडकीतून येणाऱ्या वैशाखाच्या उन्हाने तो रंग उडत जातो. कपाटात अशी चकती पडून असेल तर तिची नक्कल करताना संगणकाला वाचनाचा वेग उतरवायला सांगावे, आणि कडेचा भाग आधी तपासावा. कारण बाहेरच्या वळशांवर चित्रीकरणाचा शेवट, म्हणजे बहुधा वरात आणि पाठवणी, असतो.