पिवळ्या कॅसेटचे कुळ

ढाणकीपासून उमरखेडपर्यंत आणि पैनगंगा ओलांडून हदगाव-नांदेडपर्यंतच्या मुलखात ज्यांचे बालपण 2000 सालाच्या मागेपुढे गेले, त्यांच्यापैकी पुष्कळांना जपान हा देश भूगोलाच्या पुस्तकाआधी व्हिडिओ गेमच्या पिवळ्या कॅसेटमधून भेटला. मात्र ही भेट जपानशी आहे, हे त्या कॅसेटवर कोठेही लिहिलेले नव्हते, आणि ज्या कारखान्यात ती घडली त्याचाही जपानशी कायदेशीर असा कसलाच संबंध नव्हता. कुळ जपानी, जन्म परमुलखातला आणि दप्तरी नोंद कोठेच नाही, अशा वस्तूची वंशावळ मांडायची, तर प्रारंभ पत्त्यांपासून करावा लागतो.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानात पत्त्यांचा खेळ नेला. तेथील सत्ताधीशांनी जुगाराच्या भयाने त्यावर वारंवार मनाई हुकूम काढले, आणि प्रत्येक हुकुमासरशी खेळणाऱ्यांनी पत्त्यांवरची चित्रे व खुणा बदलल्या; या लपंडावातूनच अखेर बारा महिन्यांची फुलझाडे आणि प्रत्येकाची चार पाने, असा 48 पानांचा ‘हानाफुदा’ सिद्ध झाला. (आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेची पाने 120, तिच्या वाट्याला राजाश्रय आला, हानाफुदाच्या वाट्याला मनाई आली, आणि भरभराट मात्र मनाईवाल्याची झाली.) हेच पत्ते बनविण्यासाठी फुसाजिरो यामाउची या गृहस्थाने 1889 साली क्योतो येथे जी पेढी घातली, तीच निन्टेंडो. पुढे आपल्या यंत्रांच्या नकला करणाऱ्यांविरुद्ध जगभर खटले चालविणाऱ्या या कंपनीचा मूळ माल स्वतःच कायद्याला वळसा घालून जन्मलेला होता, ही गोष्ट या कुळकथेत विसरून चालणार नाही.

संस्थापकाचा पणतू हिरोशी यामाउची याने आपला अभियंता मासायुकी उएमुरा याच्याकडून घरच्या टीव्हीला जोडण्याचे, खेळाची कॅसेट बदलता येईल असे स्वस्त यंत्र करवून घेतले. ‘फॅमिली कॉम्प्युटर’, अर्थात फॅमिकॉन, 15 जुलै 1983 रोजी 14,800 येन किमतीला बाजारात आला. जपानात त्या काळी झेड-80 या प्रोसेसरचा बोलबाला असताना उएमुराने तेथे फारसा परिचित नसलेला 6502 हा अमेरिकन वाण निवडला, आणि त्यात हाही हिशेब होता की प्रतिस्पर्ध्यांना यंत्राची नक्कल सहजी करता येऊ नये. इतकी दक्षता घेतली खरी. पण दाराला कुलूप लावायचे राहून गेले. 1985 साली हेच यंत्र अमेरिकेत गेले तेव्हा कंपनीच्या परवान्यावाचून कॅसेट चालू नये म्हणून त्यात एक स्वतंत्र पहारेकरी चिप बसविण्यात आली आणि कॅसेटच्या पिनाही 60 च्या 72 झाल्या. मूळ जपानी फॅमिकॉनमध्ये मात्र असा पहारा नव्हता. म्हणून जगभरच्या नकलाकारांनी अमेरिकन शाखा बाजूला ठेवून साठ पिनांची जपानी शाखाच उचलली. आपली पिवळी कॅसेट साठ पिनांची आहे, आणि माझ्या मते तिच्या कुळाचा याहून भक्कम दाखला दुसरा नाही.

नकलेचे मुख्य ठाणे तैवान. तेथील यूएमसी या कंपनीने फॅमिकॉनच्या प्रोसेसरची प्रतिकृती काढली आणि चित्र उमटविणाऱ्या चिपचीही, तीही आपल्यासारख्या देशांच्या पाल पद्धतीच्या टीव्हीस मानवेल अशी वेगळी घडवून. पुढे सारे यंत्र एकाच चकतीवर मावू लागले, चकतीवर काळ्या राळेचा एक थेंब पडला, आणि चीनमधील कारखान्यांत हे खेळणे भाजीपाल्याच्या भावाने तयार होऊ लागले.

भारतात निन्टेंडोचे अधिकृत यंत्र आलेच नाही, असे समजणे चूक आहे. सुटे भाग आणून येथे जोडलेले ‘सामुराई’ या नावाचे यंत्र विकले जात होते, पण त्याची पोच शहरी सधन घरांपलीकडे गेली नाही. खेड्यापाड्यांत शिरले ते ‘लिटल मास्टर’सारख्या नावांचे अनौरस भाईबंद. 1 एप्रिल 2001 रोजी केंद्र सरकारने उर्वरित 715 वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठविले आणि चिनी मालाची वाट मोकळी झाली. तत्पूर्वी हा माल मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या बाजारांतून, जकातीची फारशी तमा न बाळगता, मोफसलात झिरपत असे. ‘9999999 इन 1’ असा दावा मिरविणाऱ्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मूठभरच खेळ असत आणि तेच निरनिराळ्या पायऱ्यांपासून सुरू करून यादी फुगविलेली असे. शिवाय शीर्षकावरील मूळ कंपनीचे नाव व साल पुष्कळदा खरवडून काढलेले. त्यामुळे ‘कॉन्ट्रा’ कोनामीचा आणि रणगाड्यांचा खेळ नाम्कोचा, ही माहिती खेळणाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरला नव्हता.

या दत्तक घरी खेळाचे रूपही पालटले. जपानी टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र रंगवितो, आपला 50 वेळा. आणि या खेळांचा हिशेब चित्रागणिक चालत असल्यामुळे ढाणकीचा मारिओ क्योतोच्या मारिओपेक्षा सुमारे एक षष्ठांश संथ धावत असे, जे वऱ्हाडच्या उन्हाळ्याला शोभूनच दिसे. त्यात टीव्ही कृष्णधवल असला म्हणजे मारिओची लाल टोपी काळीच. मारिओत केलेली मजल जतन करण्याची सोय जपानी अस्सल प्रतीतही नव्हती, आणि भारनियमनाच्या दिवसांत आठव्या जगापर्यंत पोहोचलेल्या वीराला वीज जाताच पहिल्या जगात परतावे लागे. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारणे हा सार्वत्रिक उपचार. वास्तविक गुण येई तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसविल्यामुळे, आणि फुंकरीतील ओलाव्याने पिना गंजत त्या वेगळ्याच.

इकडे हे होत असताना तिकडे जपानात या वस्तूंना पुराणवस्तूंचा मान प्राप्त झाला. जून 1986 मध्ये केवळ फॅमिकॉनची वार्ता देण्यासाठी निघालेले ‘फामित्सु’ हे नियतकालिक अद्याप चालू आहे. त्याचे चार परीक्षक प्रत्येकी दहांपैकी गुण देतात, आणि पूर्ण 40 गुण प्रथम एखाद्या खेळाला मिळण्यास 1998 साल उजाडावे लागले. अकिहाबारातील जुन्या कॅसेटांच्या दुकानांत परदेशी संग्राहकांची रीघ असते. उएमुरा निन्टेंडोतून निवृत्त झाल्यावर क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात खेळांच्या जतनाचेच काम करीत राहिला आणि 2021 च्या डिसेंबरात निवर्तला. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ 64’ ची एक मोहरबंद प्रत 15 लाख 60 हजार डॉलरला लिलावात गेली. क्योतोजवळच्या उजी येथे पत्ते बनविण्याच्या जुन्या कारखान्यातच 2 ऑक्टोबर 2024 पासून निन्टेंडोचे संग्रहालय उघडले आहे.

त्या लिलावाच्या आकड्याने कोणी हुरळून जाऊ नये. पिवळ्या कॅसेटला तो भाव कधीही येणार नाही, आणि शुद्ध वंशाचे अभिमानी संग्राहक तिला दारातही उभे करणार नाहीत. मला हा सोवळेपणा मान्य नाही. टोकियोतील अस्सल प्रत जपानच्या बालपणाचा दस्तऐवज आहे, आपल्या तालुक्याच्या बालपणाचा दस्तऐवज ही नक्कलच आहे, आणि तिची नोंद ठेवणारे संग्रहालय उजीतही नाही नि यवतमाळातही नाही. म्हणून ज्यांच्या माळ्यावर असे यंत्र पडले असेल, त्यांना एवढीच विनंती की ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी कॅसेटवरील नावे, यंत्रावरील छाप आणि घेतल्याचे ठिकाण व साल एका कागदावर लिहून ठेवावे. पिना फुंकरीऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसाव्यात. आणि सोबत बंदूक असेल तर जुना डबा टीव्हीही मोडीत काढू नये, कारण बदकाच्या जागी क्षणभर उजळणारा पांढरा चौकोन टिपूनच ती नेम ठरविते आणि नव्या सपाट टीव्हीवर तो तिला वेळेवर दिसत नाही.