तळटीप २३ : रिकामा चौकटी कंस

२३. रिकामा चौकटी कंस : वेब-फॉर्मवर ‘ओळ वाढवा’ हे बटण असले की ओळी किती येतील हे आधी ठाऊक नसते. पीएचपी भाषेत (रासमुस लेरडॉर्फ, १९९५) रकान्याच्या नावाअखेर असा कंस जोडला की त्या नावाच्या सर्व नोंदी सर्व्हरवर एकाच यादीत क्रमाने जमा होतात. मात्र खूण न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. त्याची यादी आखूड होते आणि तिसऱ्या ओळीची खूण दुसरीला चिकटते. लेखकाने पुढील पानावर कंसात ओळीचा क्रमांक घातला आहे तो याचसाठी, आणि तेच योग्य. २०१२च्या ५.३.९ आवृत्तीपासून, मुद्दाम वाढवली नाही तर, १००० रकान्यांची मर्यादाही आहे. लांबलचक याद्या अर्धवट पोचतात त्या त्यामुळे.