हलत्या दीपमाळेची साक्ष

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात राशीनला जगदंबा देवीच्या देवळात विटांची दीपमाळ आहे. जोर लावला की ती हलते. भाविक याला देवीचं सामर्थ्य मानतात. जुन्या कारागिरांपुढे आजचे इंजिनिअर फिके, असंही अभिमानानं सांगितलं जातं. मला मात्र या हलण्यात बांधकाम पारखण्याची एक जुनी रीत दिसते. गवंडी दोन विटा एकमेकींवर आपटून बघतो. आवाज खणखणीत आला तर भाजणी पुरी, बद्द आला तर वीट कच्ची किंवा आतून तडकलेली. मडकं वाजवून घेतात तसंच हे. आवाज म्हणजे कंपन, आणि चीर गेली की कंपन बदलतं. उंच, सडपातळ दीपमाळेचं कंपन इतकं संथ असतं की ते कानाला नाही, अंगाला कळतं. तिच्या लयीत जोर देत राहिलं तर थोड्या बळानंही झोका वाढतो, आणि चुन्याचे सांधे सिमेंटइतके ताठर नसल्यानं थोडं वाकणं सोसतात.

आकडा नाही म्हणून ही परीक्षा अडाणी ठरत नाही; चांगलं-वाईट निवडायला तुलना पुरते. पण लवचीकपणा म्हणजे मजबुती नव्हे. भार किती पेलेल, हे वीट यंत्रात चुरडल्यावरच कळतं. आपल्या मानकात साध्या भाजलेल्या विटेला दर चौरस मिलिमीटरला किमान 3.5 न्यूटन ताकद लागते. ‘इतकी वर्षं उभी आहे, आणखी पुरावा कशाला?’ असं म्हणणारे पडलेल्या वास्तू मोजत नाहीत. जळगाव जिल्ह्यातल्या फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांपैकी एक कोसळलाच. अर्थात हिशेब मांडून बांधलं की चिंता मिटली, असंही नाही: राशीनच्याच जिल्ह्यातलं, 1926 मध्ये पुरं झालेलं भंडारदरा धरण 1969 मध्ये गळू लागलं आणि त्याला आधार देऊन बळकट करावं लागलं.

म्हणून उभ्या वास्तूची परीक्षा पुन्हापुन्हा व्हायला हवी, आणि दीपमाळेची वीट काढून चुरडता येत नाही. तिथे जुनी रीतच नव्या साधनांनी चालवता येते: वाऱ्यानं होणारं सूक्ष्म कंपन संवेदकांनी टिपायचं आणि एका झोक्याला लागणारा वेळ वर्षागणिक ताडून बघायचा. तो वाढू लागला तर कुठेतरी सांधा सुटतो आहे. हौसेनं हलवणं मात्र थांबवावं; प्रत्येक झोका त्याच सांध्यांवर ताण आणतो.